अठ्ठ्याऐंशी आणि एकशे बारा

“डॉक्टर, मला त्या पाऱ्यातलं काही कळत नाही. ह्या बाईला कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, एवढंच सांगा.”

मॅनेजरसाहेब माझ्या टेबलापाशी उभेच होते. बाकावर नरसम्मा बसली होती. तिच्या दंडाला अजून पट्टा गुंडाळलेला होता आणि ती आळीपाळीनं आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मी तिचं ब्लडप्रेशर तीनदा मोजलं होतं. तिन्ही वेळा वरचा आकडा अठ्ठ्याऐंशी.

“घरी पाठवा,” मी म्हणालो. “आकडा वर येईपर्यंत.”

ही गोष्ट तिसाच्या दशकातली. सोलापुरातल्या एका गिरणीच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. पुण्याहून शिकून आलेलो, वय तीसच्या आतबाहेर. दवाखाना म्हणजे फाटकाजवळच्या दोन खोल्या. एकीत मी आणि दुसरीत कंपाउंडर खाजासाहेब. कापलेली बोटं, कापसाच्या धुळीनं लागलेला खोकला, हिवताप, डोळे येणं, असलं आमचं काम.

त्या उन्हाळ्यात वायंडिंगच्या, म्हणजे सूत रिळांवर भरायच्या खात्यातली एक बाई उकाड्यानं चक्कर येऊन मशीनवर पडली. कपाळाला खोक पडली, जिवावरचं निभावलं. मॅनेजरसाहेबांनी ते फार मनावर घेतलं. त्यांनी मुंबईहून ब्लडप्रेशर मोजायचं नवंकोरं यंत्र मागवलं आणि मला सांगितलं, “कुणाची तब्येत चक्कर येण्यासारखी आहे, ते आधीच हुडकून काढा.”

हल्ली हे यंत्र सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. तेव्हा तसं नव्हतं. लाकडी पेटी, तिच्यात काचेची उभी नळी, नळीत पारा. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुग्यानं त्यात हवा भरायची, की पारा चढतो. पट्टा इतका आवळतो की हातातलं रक्त वाहायचं थांबतं. मग हवा हळूहळू सोडायची आणि कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. रक्त पुन्हा वाहायला लागलं की ठक् ठक् आवाज येतो. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब. आवाज विरतो तो खालचा, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातला दाब. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते त्या आकड्याचा अर्थ लावणं, आणि तो काही पेटीबरोबर येत नाही.

आमच्यापाशी तेव्हा एक तोंडपाठ हिशेब होता. शंभर अधिक वय, एवढा वरचा आकडा असावा. आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून हसेल, पण तेव्हा भलेभले तसंच धरून चालत. नरसम्मा त्याच वायंडिंग खात्यातली, बत्तीस वर्षांची. म्हणजे एकशे बत्तीस पाहिजे, आणि निघाले अठ्ठ्याऐंशी. मला ती उभी कशी राहते याचंच नवल वाटलं.

तिला मात्र माझं नवल वाटत होतं.

“डाक्टरसाब, मला काय झालंय?”

“तुझ्या रक्ताचा दाब कमी आहे.”

“मंजी काय हुतं त्यानं?”

“चक्कर येते. अशक्तपणा येतो. काम होत नाही.”

“मला तर चक्कर न्हाय येत की. काम बी हुतंय. मुकादमाला इच्चारा, माज्याएवढी रिळं कोन भरतंय ते.”

तिच्या घरी तेलुगू बोलत. नवरा शहराच्या पूर्व भागात हातमागावर लुगडी विणायचा. तिचं मराठी मात्र सोलापुरात जन्मलेल्या कुणाही बाईसारखं होतं. ती बारीक चणीची, काटक. डोळे तरतरीत, जिभेला रंग, हात कोमट. हे सगळं मला दिसत होतं. पण दिसत असलेल्या बाईपेक्षा माझा विश्वास नळीतल्या पाऱ्यावर जास्त होता. मी रजिस्टरात लिहिलं, ‘अशक्त. कामास अयोग्य.’ लोह आणि कुचल्याचं कडू टॉनिक लिहून दिलं आणि दर आठवड्याला दाखवायला ये म्हणून सांगितलं.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“माजी जागा ऱ्हाईल का?”

“राहील,” मी म्हणालो. तसं सांगायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

त्याच दिवशी तासाभरानं साचेखात्यातले भगवानराव जॉबर तपासायला आले. जॉबर म्हणजे खात्यातल्या मागवाल्यांचा नाईक. मोडनिंबकडचा हा गडी. पन्नाशीचा, उंचापुरा, मिशा पिळलेल्या. आकडा आला एकशे बावन्न. शंभर अधिक पन्नास, वर दोन. मी खूष होऊन म्हणालो, “भगवानराव, तुमची तब्येत म्हणजे पुस्तकात छापावी अशी आहे.”

“तब्येतीला काय बी न्हाय, साहेब. ह्ये गुडघं तेवढं लई छळत्यात. तुमच्या पुड्या तेवढ्या चालू ठेवा.”

गुडघेदुखीसाठी आम्ही त्यांना अ‍ॅस्पिरिनच्या पुड्या देत होतो. दिवसाला दोन सांगितल्या होत्या. ते चार घेत, कधी पाच. खाजासाहेब ओळखीचे असल्यानं नको म्हणत नसत, आणि मीही विचारत नसे.

नरसम्मा दर सोमवारी यायची. पहिल्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या आठवड्यात नव्वद. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अठ्ठ्याऐंशी. टॉनिकनं फरक एवढाच पडला, की तिचं जेवण कमी झालं.

“तुमच्या दवानं तोंड कडू पडतंय. भाकर ग्वाड लागंना,” ती म्हणायची. “त्या आदी मला काय बी हुत नव्हतं.”

“नळावरून पाणी कोण आणतं?”

“मीच की. दोन घागरी. जिना चढून.”

“मधे थांबावं लागतं का?”

“कशाला थांबू?”

हे प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यात विचारले. पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. उत्तरं ऐकूनही मी पुढचा विचार केला नाही. टॉनिकचा डोस वाढवला.

पाचव्या सोमवारी ती सकाळीच येऊन बाकावर बसली होती. माझ्यापुढे दुसरे पेशंट होते. दहाच्या सुमाराला भगवानराव आले. त्यांची पाळी नसतानाही मी त्यांना आधी घेतलं. जॉबर खात्यातून फार वेळ बाहेर राहिला की मॅनेजरसाहेबांचा माणूस शोधत येई.

“काय होतंय?”

“काय न्हाय. काल धरनं जरा गरगरतंय. हातरुणातनं उटलं की डोळ्याफुडं अंदारी येती.”

मी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे बारा.

मला आठवतं, मी हसलो. पाच आठवडे मी अठ्ठ्याऐंशी नि नव्वद यांच्याशी झुंजत होतो. त्यापुढे एकशे बारा म्हणजे श्रीमंती. पन्नाशीला थोडा कमी खरा, पण उन्हाळ्यात होतो कमी, असं मीच माझं समाधान करून घेतलं.

“ऊन लागलंय तुम्हांला. ताक प्या, मीठ घालून. दुपारी सावलीत बसा.”

“बरं.” ते उठले. टेबलाच्या कडेवर हात टेकून क्षणभर थांबले आणि गेले.

खाजासाहेब पलीकडच्या खोलीतून डोकावले. “साब, उनके होटां देखे क्या? एकदम सफेद पडे हैं.”

“उन्हानं तोंड सुकलंय त्यांचं,” मी म्हणालो आणि नरसम्माला पुढे बोलावलं. पट्टा, फुगा, पारा. अठ्ठ्याऐंशी.

“किती?” तिनं विचारलं. एव्हाना तिला त्या आकड्याचा राग येऊ लागला होता.

“तेवढाच.”

“आनि त्या जॉबराचा?”

दुसऱ्या पेशंटचा आकडा सांगू नये. पण मी वैतागलो होतो. “एकशे बारा. तुझ्यापेक्षा चोवीसनं जास्त.”

“अय्यो!” ती म्हणाली. “मग तो भिताड धरून का चाललाय? मी हितं बसून बगितलं की. फाटकापातूर दोनदा थांबला. घाम तर असा, जसा काय आंगुळ केल्याली. मला बी घाम येतोय, पर असला न्हाय.”

माझ्या हातात फुगा तसाच राहिला.

समोर बसली होती ती अठ्ठ्याऐंशी. ताठ बसून माझ्याशी भांडत होती. आणि एकशे बारा भिंत धरून चालला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील, तर मी पाच आठवडे काय मोजत होतो? मी रजिस्टराची मागची पानं काढून बघितली. भगवानराव : एकशे बावन्न. म्हणजे त्यांचा दाब चाळीसनं उतरला होता. एकशे बारा हा दुसऱ्या कुणासाठी चांगला आकडा असेल. त्यांच्यासाठी ती घसरण होती. आणि दाब असा घसरतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं.

मी यंत्राची पेटी उचलली आणि साचेखात्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर खात्यातला एक माणूसच धावत आला. “डाक्टर, जॉबर पडलं!”

साचेखात्यात शेकडो मागांचा खडखडाट. तिथं कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. भगवानरावांना चौघांनी उचलून बाहेर व्हरांड्यात आणलं. शुद्ध आली होती. अंग गार, चिकट घाम. नाडी बारीक आणि भराभर. मिनिटाला सव्वाशे. पापणी खाली ओढून बघितली, तर आत लाली नावालाही नाही. पोटावर हात ठेवला, तशी बेंबीच्या वर दाबल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं.

झोपलेल्या स्थितीत दाब मोजला. एकशे चार. दोघांना धरायला सांगून त्यांना बसतं केलं आणि लगेच पुन्हा मोजला. पारा खाली खाली जात राहिला, आवाज येईना. अठ्ठ्याहत्तरवर आला. तेवढ्यात त्यांची मान कलली. मी घाईनं त्यांना परत आडवं केलं.

हे सोपं करून सांगतो. उभं राहिलं, की रक्त पायांकडे ओढलं जातं. निरोगी शरीर ते लगेच सावरून घेतं. पण अंगातलं रक्तच कमी झालं असेल, तर सावरायला भांडवल नसतं. मेंदूला रक्त पोचत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. भगवानरावांचं रक्त कुठंतरी चाललं होतं. अंगावर जखम नव्हती. म्हणजे आत.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. “भगवानराव, परसाकडला कसं होतंय? रंग कसा?”

ते ओशाळले. आजूबाजूला माणसं होती. मग हळूच म्हणाले, “काळं. डांबरागत. तीन दिस झालं.”

“मघाशी बोलला का नाहीत?”

“तुमी इच्चारलं न्हाय की.”

डांबरासारखं काळं, चिकट शौचाला होणं म्हणजे जठरात किंवा त्याच्या लगत रक्तस्राव. आतड्यातून येता येता रक्त काळं पडतं. माणसाला वाटतं पोट बिघडलंय. लाल दिसलं असतं तर ते पहिल्या दिवशीच घाबरून आले असते.

मॅनेजरसाहेब आले. त्यांनी घड्याळ बघितलं. “उन्हाची चक्कर ना? अर्धा तास पडू द्या. मग टांग्यात घालून घरी पोचवू.”

“घरी नाही. मोठ्या इस्पितळात. आणि टांग्यातून नाही, हिसके बसतील. तुमची मोटर द्या.”

“डॉक्टर, मघाशी तुम्हीच त्यांना पास करून पाठवलंत असं मला सांगण्यात आलं.”

“पाठवलं. चूक झाली. आता त्यांना बसवलं तरी ते जातील. मोटरीत आडवं न्यायचं, पाय उंच ठेवून.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. ड्रायव्हरला हाक मारली.

मी मोटरीत त्यांच्यासोबत गेलो, गुडघ्यांवर त्यांचे पाय घेऊन. पाणी पाणी करत होते. मी ओठ तेवढे ओले केले. इस्पितळात खाटेवर ठेवता ठेवता त्यांना उलटी झाली. ताजं रक्त, त्यात कॉफीच्या चोथ्यासारख्या गाठी. तिथले मोठे सर्जन आले. खाटेची पायाकडची बाजू विटा लावून उंच केली, मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, शिरेतून सलाइन सुरू केलं. तेव्हा आमच्याकडे दुसऱ्याचं रक्त देण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. थांबेल तर थांबेल, असंच असायचं.

सर्जननी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे कसली औषधं घेत होते?”

मी पुड्यांचं सांगितलं. अ‍ॅस्पिरिननं जठराला जखम होऊन रक्त वाहू शकतं, हे तेव्हा नीट कुणाला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “रिकाम्या पोटी रोज चार-पाच पुड्या? मला नाही आवडलं.” मलाही नाही आवडलं. त्या पुड्या माझ्याच दवाखान्यातल्या होत्या.

दोन दिवस काही खरं नव्हतं. संध्याकाळी गिरणी सुटली की मी इस्पितळात जाऊन बसायचो. भगवानरावांच्या पत्नी खाटेजवळ बसून असायच्या. त्यांनी मला एकदाच विचारलं, “डाक्टर, तुमी तपासलं हुतं न्हवं?” मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी नाडी शंभराच्या खाली आली. रक्त थांबलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी दुधाबरोबर भाकरी मागितली. मिळाली नाही. त्यावरून त्यांनी नर्सशी वाद घातला, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

नरसम्माचं प्रकरण उरलं होतं. मी मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात गेलो.

“त्या बाईला कामावर घ्या. ती ठणठणीत आहे.”

“आकडा किती झाला?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“आधी किती होता?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“मग बदललं काय?”

“तिचं काहीच नाही. माझी समजूत बदलली. काही माणसांचा दाब जन्मभर तेवढाच असतो. बारीक चणीची, कष्टाची माणसं असतात, बायका जास्त. त्यांना काही त्रास नसतो. तो त्यांचा नेहमीचा आकडा. मी त्याला आजार ठरवलं.”

“आणि उद्या ती मशीनवर पडली तर?”

“तिला कधी चक्कर आली नाही. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, कुठून रक्त जात नाही. दोन घागरी घेऊन जिना चढते. साहेब, तुम्ही आणि मी चढू का?”

त्यांना हसू आलं, पण ते दाबून म्हणाले, “लिहून द्या.”

मी लिहून दिलं. ‘पूर्वीचा शेरा चुकीचा होता.’ खाली सही. आजवर दिलेल्या सर्टिफिकिटांत एवढं छोटं दुसरं नसेल, आणि एवढा वेळही कशाला लागला नसेल.

ती कामावर आली. पण तिची जागा राहिली नव्हती. त्या जागेवर दुसरी बाई लागली होती. नरसम्माला बदली म्हणून घेतलं, म्हणजे कुणी आलं नाही तरच काम. रोज पहाटेच्या भोंग्याला फाटकापाशी येऊन उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर आत, नाहीतर परत घरी. कायमची जागा मिळायला पुढे सहा-सात महिने गेले. मी एकदा तिला म्हणालो, “नरसम्मा, माझ्यामुळे तुला त्रास झाला.”

“झाला,” ती म्हणाली. ती आत निघून गेली.

भगवानराव तीन महिन्यांनी परत आले. पण साचेखात्याचा ताण नको म्हणून त्यांना गोदामात बसून करायचं काम दिलं. जॉबरकी गेली. मिशा होत्या, पण पीळ गेला होता. गुडघ्यांना मी शेक आणि तेल सांगितलं. ते म्हणत, “ह्यानं काय बी फरक न्हाय.” ते खरंच होतं.

त्यानंतर मी बरीच वर्षं गिरणीत काढली आणि मग स्वतःचा दवाखाना घातला. आता लोक बाहेर कुठंतरी मोजलेला ब्लडप्रेशरचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणतात. “डॉक्टर, नव्वद आलाय हो, लो झालंय,” असं घाबऱ्या घाबऱ्या सांगतात. मी पेटी उघडत नाही. आधी विचारतो, “बरं, पण तुम्हांला होतंय काय?” मग विचारतो की नेहमी किती असतो, उठल्यावर अंधारी येते का, कधी शुद्ध हरपली का, गार घाम, धडधड, दम, छातीत दुखणं, बोलताना गोंधळ असं काही आहे का, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलंय का, कुठून रक्त जातंय का, शौचाचा रंग कसा, बाई असेल तर पाळी चुकून पोटात दुखतंय का, आणि नवीन गोळी कुठली सुरू झाली. शौचाचं विचारलं की लोक लाजतात. मी लाजत नाही. त्या वेळी विचारलं नाही ते लाजून नव्हे, मला सुचलंच नव्हतं.

निम्म्या लोकांना काहीच होत नसतं. आकडा कमी आणि माणूस बरा. त्यांना मी ‘हा तुमचा आकडा, लक्षात ठेवा’ म्हणून सांगतो आणि घरी पाठवतो. टॉनिक देत नाही. त्यामुळे काही जण नाराज होऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. उरलेल्यांपैकी एखाद्याच्या उत्तरात चक्कर, घाम नि काळं शौच अशी सांगड सापडते. त्याचा आकडा कितीही असो, त्याला मी बाकावर बसू देत नाही. आडवा करतो आणि गाडी बोलावतो. दाब मोजतो तो गाडी येईपर्यंत.